सायकलींच्या दुकानातली भेंडी

जर्मनीत डार्मश्टाटला शिकताना मी आणि पुण्यातली आई ज्या सर्व्हरवरून रोज चॅट करायचो, तो एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात, जुन्या ट्यूबांच्या ढिगामागे होता. दुकानदार आजोबांनी तो स्वतःच उभा केला होता. खातं देताना ते म्हणाले, "नाव कुठलंही घ्या, फक्त खरं नको." मी भेंडी झाले, आई गवार. सर्व्हर तासभर बंद ठेवायचा असला, तरी आजोबा आठवडाभर आधी दारावर नोटीस लावायचे.

शिक्षण संपल्यावर मी केक घेऊन गेले. त्यावर क्रीमने माझं खरं नाव लिहून घेतलं होतं. आजोबांनी ग्रीसने माखलेल्या हातांनी झटकन डोळे झाकले.

"वाचलं तर मला ते जपावं लागेल. आधी तेवढं खाऊन टाका."

मी उभ्या उभ्या स्वतःचं नाव संपवलं. मग डोळ्यांभोवती काळी वर्तुळं घेऊन ते हसले. "गेनाऊ, अगदी बरोबर. आता कॉफी टाकतो, भेंडी."