सड्यावर सूर्य बघायला आलेली माणसं

राष्ट्रीय उद्यानातून माणसं बाहेर पडताना आम्ही गेटवर त्यांच्या पिशव्या तपासतो. नेलेला कचरा परत आणलाय ना, एवढंच बघतो. किस्से मात्र ती आमच्याकडेच सोडून जातात! एका उन्हाळ्यात इतके साठले, की गेटजवळच्या फणसाखाली दोघं बसले तरी तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी म्हणतं, "तो पंधरावा आठवतो का गो?" आणि हातातला चहा थंड होतो.

आधी थोडी माहिती. आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या पार पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी. गावाच्या डोक्यावर उद्यानाचं गेट, आणि गेटपासून वीस मिनिटांच्या चढावर सडा, म्हणजे मोकळा, सपाट कातळ. चिपळूणला बीएस्सी केल्यावर माझ्या वर्गातले निम्मे मुंबईला गेले. मी गावात परत आले आणि वनखात्याला अर्ज केला : सड्यावर सूर्यास्ताच्या सहली नेऊ द्या, सहा घरांना गावातच काम मिळेल, आणि जंगलाला धक्का लागणार नाही. अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा एका उन्हाळ्यापुरती परवानगी मिळाली. अटी अशा : एका वेळी पंधराच पाहुणे, प्लास्टिक नाही, विस्तव नाही, सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात सगळे गेटबाहेर. मे महिन्याच्या शेवटी खात्याच्या मॅडम स्वतः जागा बघणार आणि कायमचं हो की नाही ते सांगणार.

आमची टीम म्हणजे मी, वाट दाखवायला साठी ओलांडलेले गणूतात्या, खाण्याचं बघायला सुलभावहिनी. आणि गेटवर वही घेऊन बसलेले वनरक्षक, ज्यांना सगळा गाव गार्डसाहेब म्हणतो.

*

सूर्यास्त कुठून चांगला दिसतो हे मी मोबाइलवरचा कंपास लावून ठरवलं होतं. तीन जागा, तिन्हींचं तोंड पश्चिमेला. पहिल्याच सहलीला मी जरा मागे राहिले, तर तात्यांनी सगळ्यांना भलत्याच ठिकाणी नेऊन बसवलं. तोंडं पूर्वेला!

मी धावत गेले. "तात्या, सूर्य कुठाय?"

"पाठीमागं."

"मग ही माणसं बघतायत काय?"

"कडा."

मी काही बोलणार तेवढ्यात ऊन तिरकं झालं आणि समोरची सह्याद्रीची अख्खी भिंत आधी पिवळी, मग तांबडी होत गेली. तात्या मला हळूच म्हणाले, "सूर्याकडं काय बघायचा गो? डोळे जातात. तो पडतो कशावर, ता बघायचा!"

आता पुण्याचे पाहुणे फोनवरच विचारतात, "ती उलटी जागा मिळेल ना?"

*

मिरकरवाडा बंदराहून एक कुटुंब आलं होतं. त्यातले आजोबा आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. सड्यावरून समुद्र दिसत नाही. डोंगरामागे डोंगर, आणि त्या दिवशी तर क्षितिजावर धुरकट होतं. सूर्य लाल गोळा झाला आणि डोंगराआड गेला. नातवंडांनी टाळ्या वाजवल्या.

मी मोठ्या उत्साहाने विचारलं, "आजोबा, कसं वाटलं?"

"बरा वाटला," आजोबा म्हणाले. "आमच्याकडं रोज भिजून जातो. आज पहिल्यांदा कोरडा गेला!"

*

एक जोडपं फोटोसाठी आलं. तिने तळहात पुढे धरायचा आणि सूर्य त्यावर बसलेला दिसायला हवा. तो म्हणे जरा वर, ती म्हणे जरा डावीकडे, मग ओढणी बदलली, मग केस. या सगळ्यात सूर्य निघून गेला.

"ओ काका," मुलगा तात्यांना म्हणाला, "आता काय करायचं?"

"काय नाय. उद्या ह्याच टायमाला या. त्येचा टाइम चुकत नाय."

*

आता तो पंधरावा. वहीत नोंद होती, आत गेले चौदा. परतताना गार्डसाहेबांनी मोजले. पंधरा! पुन्हा मोजले, पुन्हा पंधरा. असा घोळ मॅडमपर्यंत गेला तर पुढच्या वर्षीचं नावच नको.

गार्डसाहेब कपाळाला हात लावून म्हणाले, "एक कमी असता तर शोधला असता. जास्तीच्याचं करतात काय?"

शेवटी मागचा एक तरुण हात वर करून पुढे आला. घाटमाथ्यावरून वाट चुकून खाली उतरलेला. सड्यावर माणसं जेवताना दिसली, तो घोळक्यात बसला, जेवला आणि सगळ्यांबरोबर चालू लागला.

मी सुलभावहिनींवर उखडले. "वहिनी, तुम्हाला कळलं नाही?"

"कळला की! तिसरी भाकरी मागितलीन तेव्हाच म्हटलं, हा आपल्यातला नाय. पण भुकेला माणूस, त्याला काय नाव विचारू?"

गार्डसाहेबांनी वही पुन्हा उघडली. मग मला विचारलं, "पाहुणे पंधरापर्यंत चालतात ना?"

"हो."

"मग मर्यादेत आहे!"

आणि त्यांनी पंधराव्याचं नाव-गाव लिहून घेतलं.

*

दहा मिनिटं पूर्ण शांतता, ही माझी स्वतःची अट. पक्षी ऐकू यायला हवेत! खेडच्या नऊ शिक्षिका आल्या होत्या, त्यांना मी बजावून सांगितलं. बायका इतक्या शांत बसल्या की पानं हललेली कळत होती. एकीने पिशवीची चेन उघडली मात्र, मी ओरडले, "शांतता!"

झाडावरचे सगळे पक्षी उडाले.

त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अगं, आमच्या वर्गातसुद्धा सगळ्यात जास्त आवाज आमचाच असतो."

*

आणि मग मॅडम आल्या. मी वीस पानांचा आराखडा तयार ठेवला होता. कचरा, पार्किंग, पत्रावळी, शांतता, सगळं त्यात होतं. तीन रात्री बसून लिहिला होता. वाटेत मी बोलत होते, मॅडम ऐकत होत्या. तात्या पुढे, सुलभावहिनी घावण्यांचा डबा घेऊन मागे.

शेवटच्या वळणावर तात्यांनी हात आडवा केला.

सड्यावर गवा होता. एकटा, काळाभोर, खांद्यापाशी आमच्या दाराएवढा उंच. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि बरोबर बैठकीच्या जागेवर बसला. रवंथ सुरू!

आम्ही झाडाआड थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ऊन तिरकं होऊ लागलं. मॅडमना दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला परत जायचं होतं, आज जागा दाखवली नाही तर अख्खं वर्ष गेलं. मी तात्यांच्या कानाशी लागले. "तात्या, एक हाळी द्या ना! उठेल तो."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कुणाच्या घरात चपला घालून शिरले.

मॅडमनी विचारलं, "जनावर जागेवर असेल तर काय करायचं, ते तुमच्या आराखड्यात कुठल्या पानावर आहे?"

मी वीस पानं उलटली. कुठेच नव्हतं.

तात्या म्हणाले, "त्यात लिवायचा काय, मॅडम? खाली उतरायचा." आणि ते वळून चालूही लागले. मागोमाग आम्ही सगळे. सूर्य कधी गेला ते झाडीत कुणालाच कळलं नाही.

गेटवर मॅडमनी दोन घावणे खाल्ले, गार्डसाहेबांची वही मागून घेतली, उभ्यानेच चार ओळी लिहिल्या, सही केली आणि गाडीत बसल्या. गाडी वळणाआड गेल्यावर मी वही उघडली आणि मोठ्याने वाचली :

"जागा पाहण्यास गेले. जागेवर गवा बसलेला होता. मार्गदर्शक आम्हाला घेऊन मागे फिरले. कायम परवानगी देण्यास हरकत नाही."

सुलभावहिनींनी डबा खाली ठेवला. गार्डसाहेबांनी टोपी काढली.

तात्या जवळ आले, वहीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "सूर्याचा कायच लिवलान नाय?"