कुलूपकाकांचं टोकन

१४ जुलै. आज सर्व्हरवरचं टोकन बदलायचं आहे. काम किरकोळ आहे, पण ते टोकन कुलूपकाकांनी बसवलेलं, म्हणून सकाळपासून टाळते आहे.

समोरचा माणूस पासवर्ड टाइप करू लागला की काका खुर्चीसकट भिंतीकडे वळत. स्वतःच्या मुलीचा मोबाइल असला तरी. "झालं का व?" असं विचारून मगच तोंड पुन्हा इकडे फिरवत. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर ते हट्टानं लिनक्स शिकले. मंगरूळपीरच्या भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाची वेबसाइट त्यांनीच उभी केली आणि मला मदतीला घेतलं. कुलूपकाका हे नाव गटानं ठेवलेलं.

साइट खरी आपलीच, याचा दाखला म्हणजे सर्टिफिकेट. ते दर थोड्या महिन्यांनी आपोआप नवं व्हावं म्हणून एक टोकन, म्हणजे अक्षरांची लांबलचक ओळ, सर्व्हरवर ठेवावं लागतं. ते ज्याच्या हाती लागेल तो आमच्या साइटचं नाव भलत्याच दुकानाकडे वळवू शकतो. काका टोकनची फाइल रूटच्या, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्याच्या, मालकीची करत आणि बाकी सगळ्यांची परवानगी काढून घेत. "मी मंगरूळचा हाय म्हनून मले वाचता येऊ नये, रूट हाय म्हनून यावं," असं म्हणत.

गटातला ऑपरेटर काम सोडून निघाला, तेव्हा त्याच्या निरोपाचा चहा उकळायच्या आत काकांनी त्याचं लॉगिन बंद केलं. तो चिडला. मीही म्हटलं, "काका, चहा तं पिऊ द्यायचा!"

"त्याच्याच भल्याचं करून राह्यलो. उद्या काही झालं तं पयला संशय त्याच्यावर येईन."

मग काका विसरू लागले. मुलीनं त्यांना रिठदला नेलं. त्यांचं लॉगिन मी चालूच ठेवलं. रोज सकाळी आत जाऊन ते फोन करत, "सर्टिफिकेट ठीक हाये, पोरी." मला बरं वाटायचं, एवढंच त्यामागचं कारण.

काल काकांनी ते टोकन गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. खाली लिहिलं, "हे कायचं हाये? कोनाचं हाये?"

एकानं विचारलं, "काका, लॉटरी लागली काय?" दुसरा म्हणाला, "गॅसचा नंबर दिसते." मुलीनं मेसेज पुसला, पण तोवर तो सगळ्यांच्या मोबाइलवर जाऊन आला होता.

दुपारी बसले एकदाची. जुनं टोकन रद्द केलं. नवं फक्त आमच्या साइटच्या नावापुरतं काढलं, फाइल रूटच्या मालकीची केली, सर्टिफिकेट नवं होतं का ते तपासून पाहिलं. शेवटी काकांचं लॉगिन बंद केलं.

संध्याकाळी फोन आला. "पोरी, मले आत घेऊन नाही राह्यलं."

"सर्व्हरचं काम चालू हाये, काका," मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

"बरं. उद्या पायतो."

१५ जुलै. सकाळी पहिल्या एसटीनं निघाले, वाशीमला गाडी बदलून रिठदला गेले. काका ओसरीत मोबाइल घेऊनच बसले होते. उभ्या उभ्याच सांगितलं, "काका, सर्व्हर चांगला हाये. तुमचं लॉगिन मीच बंद केलं. काल खोटं बोलली."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "मले काम सोडून किती दिस झाले?"

"लय झाले."

"मंग एवढे दिस काहून ठेवलं व? कोनी हात मारला असता तं नाव माह्यंच आलं असतं ना. मले तं आठवलंही नसतं म्या केलं का नाही केलं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांची मुलगी चहा घेऊन आली. तो तसाच ठेवून मी गटावर लिहिलं, "काकांचं लॉगिन त्यांनी काम सोडलं त्या दिवशी बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. टोकन बाहेर गेलं ते माझ्यामुळे. काकांना कोणी काही विचारू नये." पाठवलं आणि मग चहा उचलला.