आमच्या गल्लीतला उमेदवार किती वेळा वारला

पुण्याच्या बुधवार पेठेत माझं वायरी आणि विजेच्या बटणांचं दुकान आहे. दुकानातला माल येतो आणि जातो. किस्से मात्र येतात आणि मुक्काम ठोकतात. एक सांगून मोकळा करावा, तर त्या जागेवर दोन येऊन बसतात. आता आमच्या गल्लीच्या नाटकाचे तर इतके साठलेत, की थोडे तुमच्याकडे पाठवल्याशिवाय मला हलायला जागा नाही.

आम्ही पाच-सहा दुकानदार मिळून दरवर्षी गणपतीत एक नाटक बसवतो. लिहितात आणि बसवतात निसळ सर. सर शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. यंदा त्यांनी विषय आणला तो थेट परदेशातला. एक गरीब देश. तिथे रामिरो नावाचा एक भला माणूस राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा राहतो. जनता त्याच्यावर जीव टाकते. मतदानाला आठवडा उरलेला असताना भरसभेत त्याला गोळी घालतात. पहिल्या अंकात त्याचं जगणं, दुसऱ्या अंकात मरण आणि नंतर शोकसभा.

देश कुठला, असं मी विचारलं. माझं शिक्षण नववीपर्यंत. जगाचा भूगोल मी मालाच्या खोक्यांवरून शिकलोय. सर म्हणाले, देश काल्पनिक आहे, म्हणजे कुणाच्या भावना दुखावणार नाहीत. बरं म्हटलं. दुसऱ्या तालमीपासून रामिरोचा आमच्यात रामभाऊ झाला.

*

रामभाऊंचं काम बापूंना मिळालं. बापू लोणकर, पंख्यांचे व्यापारी. उंची चांगली, आवाज त्याहून चांगला. दोन वर्षांपूर्वी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, पण ते आता ठणठणीत होते.

मग सरांनी विचारलं, बापूंना गोळी कोण घालणार?

तीन हात वर झाले. तिघेही पंखेवाले.

काम किशोरला मिळालं. त्याचं दुकान बापूंच्या बरोब्बर समोर. सर म्हणाले, याला वेगळी तालीम लागणार नाही.

*

पहिल्या अंकात रामभाऊंचं मोठं भाषण होतं. भुकेल्या जनतेसमोर हात उंचावून म्हणायचं, "मी तुमच्या प्रत्येक घरात भाकरी देईन."

बापू वाक्य झोकात म्हणायचे. मग एक श्वास घेऊन खालच्या आवाजात जोडायचे, "स्टॉक असेल तर."

सरांनी चार तालमींत चार वेळा समजावलं. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो लोणकर, तो क्रांतिकारक आहे."

"असेल ना. पण उद्या सगळी जनता दारात उभी राहिली, तर तोंड कोण देणार? सर, मी आयुष्यात गिऱ्हाइकाला छातीठोक शब्द दिलेला नाही. जीभच वळत नाही."

मला विचाराल तर असा उमेदवार मी डोळे झाकून निवडून देईन. पण सरांनी वाक्य बदललं. रामभाऊंनी 'प्रयत्न करीन' असं म्हणावं असं ठरलं. ते मात्र बापू मनापासून म्हणत.

*

आता गोळीचा आवाज. पंखेवाले सोडले तर आमची अख्खी गल्ली अँप्लिफायर आणि स्पीकर विकते. त्यामुळे गोळीचा आवाज कुणाच्या मशीनमधून काढायचा यावर खऱ्या गोळ्या सुटायच्या बाकी होत्या. तडजोड म्हणून प्रत्येकाची एकेक वस्तू घेतली आणि सगळ्या एकमेकांना जोडल्या. वायरी माझ्या.

पहिला प्रयोग आमच्याच मांडवात. किशोरनं पिस्तूल रोखलं, चाप ओढला. आवाज नाही. परत ओढला. शांतता. बापू छाती पुढे काढून उभे.

आता किशोर पडला दुकानदार. तो सवयीनं म्हणाला, "एक मिनिट हं साहेब, चेक करतो." आणि पिस्तूल टेबलावर ठेवून विंगेत वायर बघायला गेला.

रामभाऊ म्हणाले, "सावकाश."

तो आत असतानाच धडाम्‌ झालं. स्टेजवर मारेकरी नाही, पिस्तूल टेबलावर. पण बापू शब्दाचे पक्के. आवाज झाला म्हणजे माल पोचला. ते कोसळले.

प्रेक्षकांतून एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "रिमोटवाला दिसतोय."

*

इथवर सगळी मजा होती. भानगड पुढे झाली. बापूंनी घरी सांगितलं होतं, की मी पुढाऱ्याचं काम करतो, भाषणं असतात. पुढारी मरतो, हे सांगायचं राहिलं होतं, म्हणजे ठेवलं होतं. सुमनवहिनी, बापूंच्या मंडळी, त्या प्रयोगाला आल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या मंडईत गवार निवडत होत्या. ओळखीच्या एक बाई जवळ आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "तुमचे मिस्टर काल फार छान वारले हो."

त्या संध्याकाळी बापू तालमीला आले नाहीत. किशोरला फोन केला तेवढा. नाटक बंद, म्हणाले.

आमची पंचाईत झाली. पुढचा प्रयोग धायरीच्या गणपतीत होता आणि नंतर हौशी नाटकांच्या स्पर्धेत नाव दिलेलं. पण पंचाईत आमच्यापेक्षा बापूंची मोठी होती. ऑपरेशनपासून त्यांना कुणी पंख्याचं खोकंसुद्धा उचलू देत नसे. नोकर देत नव्हते, मुलगा देत नव्हता. काचेचं सामान असल्यासारखं सगळे त्यांना जपत. मला एकदा चहा घेताना म्हणाले होते, स्टेजवर मी दोन तास धडधाकट असतो रे.

सर, किशोर आणि मी शनिवार पेठेत त्यांच्या फ्लॅटवर गेलो. वहिनींनी पोहे दिले. पोहे दिले म्हणजे बोलणी होऊ शकतात, असा मी हिशेब केला.

वहिनी सरांना म्हणाल्या, "यांना मी एकदा परत आणलंय. सारखंसारखं नाही जमायचं मला."

सर म्हणाले की अहो, हे नाटक आहे. वहिनींनी उपाय सुचवला. नुसतं जखमी करा. खांद्याला लागू दे, प्लास्टर घाला. सरांनी समजावलं, की रामिरो वाचला तर तो निवडून येईल आणि मग नाटकच उरणार नाही.

"मग येऊ दे की निवडून. चांगला माणूस आहे म्हणता ना? कुणाचं काय बिघडतंय?"

तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या सरांनी पोह्यांवर लिंबू पिळायला घेतलं. किशोर पोह्यातला शेंगदाणा शोधत बसला. मारेकरीच तो, काय बोलणार.

बापू इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते वळून एवढंच म्हणाले, "सुमन, एकदा नीट करू दे मला."

वहिनी आत गेल्या. भांड्यांचे आवाज आले. बाहेर आल्या त्या अट घेऊन. प्रत्येक प्रयोगाला त्या पहिल्या रांगेत बसणार. रामभाऊ पडल्यावर शोकसभा संपेपर्यंत बापूंनी डाव्या पायाचा अंगठा हलवत राहायचं. अंगठा थांबला, तर त्या स्टेजवर येणार. नाटक गेलं खड्ड्यात.

*

धायरीचा प्रयोग. रामभाऊंच्या शोकसभेत विरोधी पक्षनेता येऊन शोक करतो. तो मी. प्रेत मधोमध, पाय प्रेक्षकांकडे आणि अंगठा डुगडुगतोय. मी शहाणपणा केला आणि बोलता बोलता त्यावर झेंडा ओढला. पहिल्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला. मी झेंडा काढला.

तेवढ्यात मागून एक म्हातारबाबा उठले. "आरं, भाषणं काय करताय? जित्ता हाय त्यो! दवाखान्यात न्या!"

प्रयोग आम्हाला तिथेच संपवावा लागला. धायरीकरांनी टाळ्या मात्र फार वाजवल्या. माणूस वाचला म्हणून.

*

मग स्पर्धा. खरं नाट्यगृह, खरे परीक्षक. बापूंना एकदा नीट मरायचं होतं ते इथेच. आणि ऐन वेळी सरांच्या लक्षात आलं, की आपला होऊ घातलेला राष्ट्राध्यक्ष अनवाणी आहे. आतापर्यंत प्रयोग मांडवात, गणपतीसमोर. तिथे पायात घालून कोण चढणार? पण इथे परीक्षक काय म्हणतील? बापूंसाठी काळे बूट आणले. रंगभूमीचा मान राहावा म्हणून कोरे, रस्त्याला न लागलेले. विंगेत खोक्यातून काढले, बापूंनी नमस्कार करून पायात चढवले.

गोळी वेळेवर सुटली. बापू असे कोसळले, की बाल्कनीत कुणीतरी हुंदका दिला. मी शोक करायला पुढे आलो, वाकलो आणि माझ्या डोळ्यांसमोर ते बूट आले. चकचकीत. घट्ट. स्तब्ध.

बापूंच्या चेहऱ्यावर दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसाचं समाधान होतं. आत अंगठा इमानेइतबारे चालू होता, हे त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं.

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वहिनींनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. त्या पुढे सरकल्या. मग उभ्या राहिल्या. परीक्षकांनी माना वळवल्या. माझं वाक्य होतं, 'रामिरो, तू आम्हाला सोडून गेलास.' मी 'रामिरो'पर्यंत आलो आणि थांबलो. आता या दोन पावलं पुढे आल्या, की बापूंचं सगळं संपलं.

वहिनी पुढे आल्या नाहीत. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत विचारावं, तशा साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "अहो, गॅस बंद केला होतात ना?"

रामभाऊंनी डोळे मिटलेलेच ठेवले. छातीवरचे हातही हलवले नाहीत.

"केला. मागचं दारही ओढून घेतलंय."

वहिनी खाली बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि मला हातानं खूण केली, की हं, चालू द्या आता तुमचं.