लेह ते श्रीनगरच्या त्या तासात पाटोद्याला कोण गेलं?

माझ्या आईचं शेवटचं बोलणं माझं होतं. ते कुणीतरी माझ्या नावावर घेऊन गेलं. मी याला फसवणूकच म्हणतो. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता – जुने ट्रॅक्टर घ्यायचे-विकायचे हा माझा धंदा, इंजिन उघडल्याशिवाय मी बोली लावत नाही. इथं उघडायलाच काही नाही...

मुलगा फौजेत आहे. मागच्या उन्हाळ्यात मी आणि बायको त्याच्याकडे लेहला गेलो होतो. तिथं आमच्या गावाहून, पाटोद्याहून, थोरल्या बहिणीचा, शालनअक्काचा फोन आला. आई अन्न घेत नाही, तुला काहीतरी सांगायचंय म्हणते, लवकर निघ. दिल्लीच्या विमानात जागा नव्हती. तिकीटवाल्याशी भांडून श्रीनगरमार्गे तिकिटं काढली. लेह ते श्रीनगर हवाई अंतर अडीचशे किलोमीटर – पाटोद्याहून पुण्याच्या थोडं पुढं जावं तेवढं. विमानाला एक तास.

मुलानं विमानतळावर सोडलं. खिडकीशी बसलो, पट्टा लावला. खाली नुसता बर्फ. काचेला कपाळ टेकवलं... आणि लगेच चाकं जमिनीला लागली. शेजारी बायको रडकुंडीला आलेली. "तासभर हाका मारायले. डोळे उघडे, पर तुमी हुता कुटं?"

उतरून फोन चालू केला, तर अक्काचाच आला. आई गेली होती. अक्का म्हणाली, "पर तू टायमाला आलास बघ. तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली. आता कुटं जाऊन बसलास? लोक वाट बघायलेत."

मी तिला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरी पोचलो तर सगळ्यांचं तेच. मी विमानात होतो त्याच तासात मी म्हणे मागच्या दारानं आलो, कुणाशी बोललो नाही. चमच्यानं पाणी पाजलं, आईच्या तोंडाशी कान नेला. ती बराच वेळ सांगत होती. मी मान हलवली आणि आलो तसा गेलो. चुलतभाऊ माझ्यासारखा दिसतो, म्हणून त्याची गचांडी धरली. पण तो त्या वेळी सगळ्यांसमोर आईचे पाय चोळत बसला होता.

माझा जुना दोस्त रफीक मिस्त्री. धंद्यात शिव्या देईल, खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, "मागल्या दारात सलाम केला, तर तू बघितलं बी न्हाईस बे. मला वाटलं, इमानात बसलं की मानूस असाच होतो."

तासाभरात लेहहून श्रीनगर होतं, पाटोदा होत नाही. हे मलाही कळतं. सगळ्यांना विचारून झालं.

आईला कुणाच्या का हातचं होईना, पाणी मिळालं. त्याचं मी काही म्हणत नाही. पण तिनं माझं नाव घेऊन जे सांगितलं, ते ऐकणारा एकटाच होता. तो मी असेन तर मला आठवत का नाही? आणि मी नसेन – तर जो कोणी माझं तोंड घेऊन माझ्या घरात शिरला, त्यानं समोर यावं. आई काय म्हणाली, ते मला सांगावं.