बंद फाट्याचं शून्य

टेकचंदची शेती, म्हणजे धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, गावतलावाच्या पाटाच्या अगदी टोकाला. पाणी आलं तर आलं. लेक गुड्डी कम्प्युटरची पदवी घेऊन गावी, करडीला परतली, तेव्हा बापलेकीचं ठरलं होतं: तिला नोकरी लागली की बैल विकायचे, शेती सोडायची.

मुलाखत मोबाइलवर होणार होती. रेंज मिळे ती तलावाच्या बांधावर, म्हणून गुड्डी अभ्यासही तिथंच करी. डबा घेऊन आलेल्या रुखमाने, तिच्या आईने, वहीत डोकावून पाहिलं.

"झाडं उलटे काहून काढून राहिली वं?"

"बायनरी ट्री आहे माय. वर तलाव समज. पाटाले दोन फाटे, प्रत्येक फाट्याले अजून दोन. पाणी किती दूर गेलं, तलावाले दिसते का? तो फाट्यायले विचारते, फाटे खालच्यायले. शेवटची बांधी सांगते, माह्याखाली कोणी नाही. मंग एकेक मिळवत उत्तर वर येते. यालेच रिकर्शन म्हणतेत."

"शेवटच्या बांधीले कोणी विचारते म्हणते! नवलच हाय."

दोघी हसल्या.

मुलाखतीत पुण्याच्या बाईंनी विचारलं, मुळापासून सगळ्यात जवळचं पान किती अंतरावर? म्हणजे गुड्डीच्या चित्रात, जिच्याखाली फाटा नाही अशी तलावाला सगळ्यात जवळची बांधी. गुड्डीने भराभर लिहिलं. एका ठिकाणी डावा फाटा होता, उजवा नव्हताच. तिने नसलेल्या फाट्याचं शून्य धरलं आणि मोजणी तिथंच संपवली.

"उजवीकडे काहीच नाही, मग तिथं पान कुठून आलं? डावीकडे उतरायला हवं ना?"

गुड्डीला आपली चूक दिसली. गावात पाण्याच्या पाळीच्या दिवशी फाटा बंद असला, तरी पाणी पोचलं असंच धरतात. वरच्या शेतकऱ्याने चिखल घालून तोंड बुजवलेलं असलं तरी पाळी झालीच. लहानपणापासून पाहिलेलं बोटांनी लिहून टाकलं होतं.

"परत करू का, मॅडम?"

"वेळ संपला गं."

नकार आला, त्याच आठवड्यात टेकचंदची पाण्याची पाळी होती. फाटा बुजवलेला. धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, आणि बांधीला भेगा. गुड्डी पारावर बसलेल्या, पाणी वाटणाऱ्या पुंडलिकरावांकडे गेली.

"काका, आमच्या बांधीत थेंब नाही आला."

"तुमची पाळी झाली ना बाई."

"फाटा बंद होता. बंद फाटा म्हणजे पाणी पोचलं, असं नसते काका."

"एवढी हुशार हायस, तं नोकरी काहून नाही लागली?"

पारावरची माणसं खो खो हसली.

कापणीला लोंब्या हातात हलक्या लागल्या, सगळा दाणा पोचट. मुलाखतीआधीच सांगून ठेवलेलं गिऱ्हाईक बैल पाहायला लाखनीहून आलं. टेकचंदने त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.