मळणी यंत्र ओढून नेलं तेव्हा

वेल्डिंगचा करपट वास आला, की पडेगावच्या गॅरेजात पिकअपला मागं हुक बसवून घेतला ती दुपार आठवते. सोयगावला थोरला भाऊ, आमचा दादा, गळ्यातला रुमाल मळणी यंत्रात ओढला जाऊन वारला, त्याला तेव्हा पंधरा दिवस झाले होते. यंत्र अंगणातच उभं होतं आणि वहिनीला दिवसातून दहा वेळा त्याच्यासमोरून जावं लागायचं. गावातला एकही ट्रॅक्टरवाला ते हलवायला तयार नव्हता, म्हणून मी माझी गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं मागच्या कमानपाट्यांत जादा पाटे घातले, चासीला जाड पट्टी जोडली आणि विचारलं, "ओढायचं काय हाय?" मी सांगितलं. "लई जड असतंय ते. उतारावर गाडीला ढकलंल, सांभाळून जा," तो म्हणाला. मी मान हलवली आणि उन्हात ठिणग्या बघत बसलो. मला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी यंत्र हुकाला अडकवलं, तेव्हा वहिनी उंबऱ्यात आली. मला वाटलं, आता रडंल. पण ती एवढंच म्हणाली, "इकू नका, भाऊजी. दुसऱ्या कुणाच्या दारात नको ते." मी ते सरळ भंगारवाल्याकडं नेलं आणि शेवटचा पत्रा कापून होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. रडू तेव्हाही आलं नाही. आता अंगणातल्या त्या जागेवर वहिनीनं मेथी लावलीय. मी गेलो की तीच भाजी करते, आणि दादाचं नाव न काढता आम्ही दोघं जेवतो.