रिकामी फ्लॉपी

अनुसया उमरेडच्या हातमागवाल्यांच्या घरातली. नागपुरातल्या औषधांच्या एका गोदामात १९८६ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा टायपिंग येतं म्हणून तिला त्याच्यासमोर बसवलं. तो चालू करताना एक फ्लॉपी घालावी लागे. तिच्यात तपासणीचा प्रोग्राम होता. प्रत्येक खोक्याचा बॅच नंबर दोनदा टाइप करायचा. कारखान्यानं परत मागवलेला माल असला की पडदा तिथंच अडे. तपासणीशिवाय चलन छापायचं नाही, असा नियम होता.

पण दोनशे खोक्यांना दोन तास लागत. मग ऑपरेटरांनी तपासणी वगळलेली दुसरी फ्लॉपी करून ठेवली. तिला सगळे रिकामी म्हणत.

त्या वर्षी पोरांच्या तान्ह्या पोळ्याला लेकीचा लाकडी नंदी सजवायचा राहिला होता. अनुसयानं रिकामी घातली आणि वीस मिनिटांत नरखेडकडचा ट्रक सोडला. त्यात परत मागवलेल्या सलाईनची चार खोकी गेली. ती चढवल्यावर जिजाबाई नावाची एक बाळंतीण दगावली. चौकशीत गोदामाच्या साहेबांनी सांगितलं, त्या दिवशी वीज नव्हती, म्हणून तपासणी झाली नाही. अनुसया गप्प राहिली. फाइल बंद झाली.

जिजाबाईला तिनं कधी पाहिलं नव्हतं. तेच वाईट होतं. चेहरा माहीत नसलेली बाई कुठंही येऊन बसते. उमरेडच्या एसटीत खिडकीशी. नळाच्या रांगेत. लेकीच्या शाळेसमोर, भर दुपारी.

पुढं अनुसया त्या खोलीची प्रमुख झाली. रिकाम्या फ्लॉप्या तिनं कात्रीनं कापल्या. रोज सकाळी खरी फ्लॉपी स्वतः घालायची, वर लोखंडी पट्टी ओढून कुलूप लावायचं, किल्ली गळ्यात. तपासणी टाळणाऱ्याचं नाव मुख्य कचेरीला कळवायचं, त्याची नोकरी जाणार, हा नियमही तिनंच मागून घेतला.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात दीडशे खोक्यांचं चलन पाव तासात तिच्या हाती आलं. तिनं पट्टी पाहिली. स्क्रू सैल होते, आत कुणीतरी नवी केलेली रिकामी. ट्रक फाटकाशीच थांबवून तिनं सगळी खोकी उतरवली, एकेक नंबर स्वतः टाइप केला. सगळा माल ठीक निघाला.

ते चलन छापणारा नवा ऑपरेटर ताराचंद हसला. "पाहा बाई, काहीच नाही निघालं. काहून इतक्या भिऊन राहिल्या?"

तिनं त्याला समोर बसवलं आणि जिजाबाईचं सगळं सांगितलं. आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"माह्यं नाव नका धाडू बाई," ताराचंद हळूच म्हणाला. "लग्न ठरून राहिलं."

अनुसयानं मुख्य कचेरीला नावं कळवायचा छापील कागद पुढं ओढला. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, नरखेडचा तो ट्रक सोडल्याची तारीख घातली. दुसऱ्या ओळीत त्याचं.

"माह्यं ठीक आहे," तो म्हणाला. "पण तुमचं काहून? कोणाले माहीत बी नाही."

"तिलेही माहीत नाही गा," अनुसया म्हणाली. "कोणाच्या हातानं गेली ते."

पाकीट चिकटवून ती स्वतःच टपालात टाकायला निघाली. बाहेर ट्रक पुन्हा भरणं चालू होतं.